उभं लाकूड

दारव्हा,
८ मार्च २०२५

चि. उकंडा यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि प्रभूत सलाम.

मागच्या आठवड्यात तू टेकडीवर चढून, रेंज धरून फोन केलास, त्यातलं मला अर्धंही ऐकू आलं नाही. तू ओरडत होतास एवढंच कळलं. कानातलं यंत्र घातलं की शिट्ट्या वाजतात, काढलं की सगळं शांत. तेव्हा आपलं पत्रच बरं. बापू लहानपणी दर रविवारी आपल्याला आत्याला कार्ड लिहायला बसवायचे. तू रडायचास आणि शाई सांडायचास. ती सवय म्हातारपणी अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

बातमी चांगली नाही. बुधवारी उपवासकाळ सुरू झाला. पंच मंडळी नेहमीप्रमाणे चर्चमागच्या शेडात क्रूस काढायला गेली, तर आडवं लाकूड जागेवर आणि उभं गायब. बापूंच्या हातचा क्रूस, तुला काय सांगायचं. उभं लाकूड कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या सागवानी तुळईचं, आडवं मोडक्या बैलगाडीच्या जुवाचं. वर्षभर दोन्ही सुटी करून शेडात सरपणाशेजारी पडलेली असतात. उपवासकाळ लागला की ती जोडायची, जवसाचं तेल चोपडायचं, अंगणात उभी करायची आणि उत्तम शुक्रवारी खांद्यावरून कब्रस्तानापर्यंत न्यायची. साठ वर्षं हे असंच चालत आलं आहे.

शेडाची किल्ली आमच्याकडे असते, म्हणून पंचांचे अध्यक्ष सदाशिवराव आणि पाळकसाहेब आमच्या खोलीवर आले. तुझे भाऊजी चाळीस वर्षं चर्चचे सेवक. चार वर्षांपासून त्यांचं विसरणं सुरू झालं, तरी किल्ली आणि घंटा मंडळीने त्यांच्याकडेच राहू दिली होती. सदाशिवरावांनी मला विचारलं. मी म्हटलं, ह्यांनीच कुणाला तरी देऊन टाकलं असेल. मागे पायातल्या चपला बाजारात कुणाला दिल्या, माझं मोठं पातेलं दिलं, त्यांना आता काय कळतं. ते सगळ्यांना पटलं. मग आपलं रीत म्हणून त्यांनी ह्यांनाही विचारलं. हे खाटेवरून उठले, हात जोडले आणि म्हणाले, म्याच जाळलं. पाळकसाहेबांनी मान हलवली आणि त्यांना पुन्हा खाली बसवलं.

शेवटी असं ठरलं, की किल्ली सदाशिवरावांकडे राहील आणि घंटा पंचांपैकी कुणीतरी वाजवेल. ह्यांच्या हाती आता काही ठेवणं बरं नाही म्हणे.

घंटेचं तुला माहीत आहे. ह्यांना माझं नाव एक दिवस आठवतं, दोन दिवस आठवत नाही. निकिता दिवाळीत नागपूरहून आली तेव्हा पोटच्या पोरीला नर्सबाई म्हणाले, आणि ती खरोखरच नर्स असल्यामुळे आम्ही दोघी हसत बसलो. पण रविवारी साडेआठला दोरी हातात आली की हात आपोआप चालायचे. आधी तीन ठोके सावकाश, मग थांबून बारा भराभर. कधी एक कमी नाही, एक जास्त नाही. तेवढं एक काम त्यांचं उरलं होतं.

मी थकले रे. रुपालीला आशीर्वाद सांग. गुडघ्याला तेल लाव, नुसती प्रार्थना करत बसू नकोस. माया आहेच, पत्राला उशीर झाला म्हणून ती आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
सगुणा


झरी जामणीकडून,
१६ मार्च २०२५

ती. ताईस,
उकंडाचा सा. सलाम, वि. वि.

पत्र सहा दिवसांनी मिळालं. आमचा पोस्टमन आठवड्यातून दोनदा येतो आणि त्यातही एकदा रुपालीच्या हातचा चहा प्यायलाच. वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ज्या माणसाने चाळीस उत्तम शुक्रवार त्या क्रूसाचं जड टोक आपल्या खांद्यावर घेतलं, त्याच्या हातून दोरी काढून घेताना सदाशिवरावांना काहीच वाटलं नाही? मी त्यांना सविस्तर पत्र टाकणार आहे. तू मध्ये पडू नकोस. शाळेत तीस वर्षं मी हेडमास्तरांना पत्रंच लिहिली आहेत, मला ते जमतं.

इकडचं म्हणशील तर ऊन लागलं आहे आणि मोहफुलं पडायला लागली आहेत. सगळं गाव पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जातं. मी घेतो त्या रविवारच्या प्रार्थनेला सहा माणसं येत होती, आता मी, रुपाली आणि दाराशी भावसिंग. हा वनखात्यात रोजंदारीवर आहे. बाप्तिस्मा घेतलेला नाही, घेणारही नाही, पण दर रविवारी येऊन उंबऱ्यावर बसतो आणि जाताना एक प्रश्न टाकून जातो.

मागच्या रविवारी मी वधस्तंभाचा अर्थ सांगत होतो, की आपल्या पापांचा भार ख्रिस्ताने स्वतःवर घेतला. भावसिंग म्हणाला, गुन्हा एकाचा आन् सजा दुसऱ्याले, हे आमच्या पंचायतीत चालत नाही, तुमचा देव कसा चालवून घेते? मला उत्तर पाठ आहे. ते मी दिलं. पण तोंडातून निघताना ते मलाच शिळं लागलं. ताई, इतकी वर्षं ही गोष्ट सांगून सांगून मी थकलो आहे की गोष्ट थकली आहे, हे कळत नाही.

एक मात्र मनातून जात नाही म्हणून विचारतो. तू म्हणालीस, देऊन टाकलं असेल. भाऊजी म्हणाले, जाळलं. जाळल्याचं तर तोवर कुणीच बोललं नव्हतं ना?

भाऊजींना सलाम. तुझा राग आणि तुझी माया दोन्ही मला लागतात, त्यातलं एकही कमी करू नकोस.

तुझा,
उकंडा


दारव्हा,
२३ मार्च २०२५

चि. उकंडास,
आशीर्वाद.

सदाशिवरावांना पत्र टाकू नकोस. आधीच सांगते. त्यांची काही चूक नाही आणि तुझी हेडमास्तरी इथे चालवू नकोस.

भाऊजी काय बोलतात त्याला काय धरून बसायचं? परवा ते माझ्या हातात वाटी देऊन म्हणाले, गाडी सुटली. कसली गाडी आणि कुठली? अशा माणसाच्या एका शब्दावरून तू मला प्रश्न विचारतोस.

मंडळीने लोखंडी पाइपचा नवा क्रूस करायला टाकला आहे. बसस्टँडजवळचा वेल्डर करतो आहे. वर तपकिरी रंग देणार, म्हणजे लाकडासारखा दिसेल. हलका होईल, म्हाताऱ्यांनाही उचलता येईल, असं माझ्या बाकावरच्या इंदूबाई सगळ्यांना सांगत होत्या. बापूंचं आडवं लाकूड शेडातच आहे.

आज रविवार. हे साडेआठला स्वतःहून उठले, टोपी घातली आणि घंटेखाली जाऊन उभे राहिले. घंटा दुसऱ्याने वाजवली. दोरी दुसऱ्याच्या हातात आणि ह्यांचे हात हवेतच वरखाली होत होते. तिसऱ्या रविवारी हेच. लोक बघून आत जातात. मी त्यांना हाताला धरून बाकावर आणून बसवलं आणि पूर्ण उपासना मी मान वर केली नाही.

जास्त लिहीत नाही, पाणी ठेवायचं आहे. तुझ्यावर रागावले असं समजू नकोस, आणि रागावले असले तरी येणं-लिहिणं सोडू नकोस.

सगुणा


झरी जामणीकडून,
३० मार्च २०२५

ती. ताईस,
सा. सलाम, वि. वि.

सदाशिवरावांना पत्र टाकलं नाही. लिहून झालं होतं, चार पानं. ती रुपालीने चुलीपाशी ठेवली, त्यावरून काय ते समज.

तुला विचारलेला प्रश्न मागे घेतो. त्याऐवजी माझंच एक सांगतो. चोपन्न वर्षांपूर्वीचं आहे.

बापूंनी यवतमाळहून नवा रंधा आणला होता, आठवतो? कुणी हात लावायचा नाही असं बजावलं होतं. मी सात वर्षांचा होतो. दुपारी ते बाहेर गेल्यावर मी त्याने एक फळी तासायला घेतली. फळीत खिळा होता. पात्याचा तुकडाच उडाला. संध्याकाळी बापूंनी रंधा हातात धरून विचारलं, कुणी केलं? तू पाटावर भाकरी थापत होतीस. पिठाच्या हातानेच उठलीस आणि म्हणालीस, मी. तुला त्यांनी फळीच्या तुकड्याने मारलं. दोन दिवस तुला पाठ टेकून झोपता येत नव्हतं.

मी त्या रात्री गाढ झोपलो, ताई. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या वाट्याची गुळाची पोळीही मीच खाल्ली, कारण तुला खावंसं वाटत नव्हतं. तू असं का केलंस ते मी कधी विचारलं नाही. विचारायला गेलो असतो तर आधी कबूल करावं लागलं असतं. बापू गेले तेव्हा मी कब्रस्तानात उभा होतो आणि मला तो रंधाच आठवत होता.

आज हे मी भावसिंगला सांगितलं. म्हटलं, बघ, असं होतं घरोघरी, एकाचं दुसरा अंगावर घेतो. त्याने विचारलं, मंग तुम्ही बापाले कधी सांगतलं का? मी म्हटलं, नाही. तो बिडी विझवत म्हणाला, मंग ते तुमच्या बहिणीच्या डोक्यावरून कोणी उतरवलं?

ह्याचं उत्तर तुला येत असेल तर कळव, आणि येत नसेल तरी चार ओळी लिही. तुझ्या पत्रांवरच इथले दिवस निघतात.

तुझा,
उकंडा


दारव्हा,
६ एप्रिल २०२५

चि. उकंडास,
अनेक आशीर्वाद.

रंधा तू मोडलास हे मला माहीत होतं. तुझ्या केसांत भुसा होता. मी तुझ्यासाठी काही मोठं केलं नाही, तू किरकोळ होतास आणि बापूंचा हात जड होता, एवढंच. पाठ चार दिवसांत बरी झाली. ती तू चोपन्न वर्षं कशाला वागवलीस?

आता माझं ऐक. तू मागे घेतलेला प्रश्न बरोबर होता.

उभं लाकूड मी जाळलं.

जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास अवकाळी पाऊस झाला तेव्हाची गोष्ट. जाळायला आणलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या अंगणात होत्या, त्या सगळ्या भिजल्या. सिलेंडर संपलं होतं, नंबर लावूनही दहा दिवस आलं नाही. पावसामागून कडक थंडी पडली. तेव्हा ह्यांचं अंथरूण रोज रात्री ओलं होत होतं, नुसतं ओलं नाही, सगळंच. सकाळी उठून त्यांना धुवायचं, पुसायचं, चादरी धुवायच्या. गार पाणी अंगावर घेतलं की ते लहान मुलासारखे ओरडायचे. त्या दिवसांत आमच्या दारात कुणी आलं नाही. मी कुणाला बोलावलंही नाही, हेही खरं. सांगायला जाण्याएवढा जीवच उरला नव्हता.

शेडातलं सरपण संपलं होतं, कोरडं असं क्रूसाचं लाकूडच होतं. मला ते ओळखू आलं नाही असं तुला सांगता आलं असतं, पण तसं नाही. आडवं लाकूड बसवायला बापूंनी केलेली खाच मी हाताने चाचपली होती. एका टोकाला वाळवी लागली होती. म्हटलं, तेवढं खाल्लेलं टोक आज जाळू, बाकी तसंच ठेवू. कुऱ्हाड चालवायची ताकद नव्हती, म्हणून ओढत आणलं आणि आख्खं लाकूडच अंगणात आडवं टाकून टोक चुलीत सारलं. पाणी छान तापलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हातभर आत सारलं. मग रोजच. नऊ दिवस पुरलं. दहाव्या दिवशी सिलेंडर आलं. राख भांड्यांना वापरली.

मी देवावर रागावले नव्हते, उकंडा. क्रूसावर तर मुळीच नाही. मला पाणी तापवायचं होतं. त्या नऊ दिवसांत मला एकदाही रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. थकल्यावर माणसाला काहीच वाटत नाही, ह्याचीच मला आता भीती वाटते.

हे रोज चुलीशी शेकत बसायचे. हात पसरून. मी समजले, त्यांना काय कळतंय.

मग सदाशिवराव दारात उभे राहिले आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. आधी ठरवलं नव्हतं. बोलल्यावर वाटलं, ह्यांना काय फरक पडतो, ह्यांना कोण शिक्षा करणार. आणि मग हे उठून म्हणाले, जाळलं. तसं म्हणताना त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला सोसला असता. राग नव्हता.

दरवर्षी उत्तम शुक्रवारी आपण बाकांवर बसून ऐकतो, की त्याने आपलं अंगावर घेतलं आणि तोंड उघडलं नाही. मला ती गोष्ट नेहमी फार जुनी आणि फार लांबची वाटायची. खोटं कशाला सांगू, त्याच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी दुसऱ्या-तिसऱ्या उद्गारानंतर मला डुलकी लागायची. आता ती गोष्ट माझ्या घरात खाटेवर झोपते आणि तिच्या चादरी मी धुते.

सांगायला पाहिजे हे कळतं. पण ही खोली चर्चची आहे. खोली गेली तर ह्यांना घेऊन जाऊ कुठे? निकिताच्या दोन खोल्यांत तिचे सासू-सासरे आहेत. आणि क्रूस जाळून अंघोळीचं पाणी तापवलं, हे वाक्य मी दारव्ह्यात कुणासमोर कसं बोलू? घंटेखाली ह्यांचे हात आता हलत नाहीत. हा पाचवा रविवार. नुसते उभे राहतात.

मला उपदेश करू नकोस. पण माया असेल तर लवकर लिही, आणि नसेल तरी लिही.

तुझी,
सगुणा


झरी जामणीकडून,
१२ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. सलाम, वि. वि.

हे पत्र पोस्टात न टाकता उद्या जीपवाल्या रवीच्या हाती देतो आहे. पुढे दारव्ह्याच्या गाडीत कुणाकडे तरी तो देईल, म्हणजे तुला शुक्रवारच्या आत मिळेल.

तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावर चिडलो. बापूंचा क्रूस, असं दोनदा मोठ्याने म्हणालो. रुपालीने ते पत्र हातातून घेतलं, वाचलं आणि मला म्हणाली, बापूंचा क्रूस म्हणता, आन् त्या नऊ दिवसांत तुमी कुठं होते? मी जानेवारीत इथेच होतो, ताई. संक्रांतीला तुला पाठवलेल्या पत्रात मी कशाबद्दल लिहिलं होतं ते आठवून पाहिलं. आमच्या प्रार्थनेच्या शेडाला नवे पत्रे घातले त्याबद्दल. तू कशी आहेस ही ओळ शेवटी होती.

मी तुला क्षमा झाली असं लिहून पाठवू शकतो. ते माझं रोजचंच काम आहे. पण दोरी माझ्या हातून गेली नाही, भाऊजींच्या हातून गेली. ती त्यांना परत मिळायला पाहिजे आणि ते तुझ्याशिवाय कुणी करू शकत नाही. ह्याला उपदेश म्हणायचं असेल तर म्हण.

खोलीचं म्हणशील तर आमची पडवी आहे. रुपालीने मला न विचारता तिथली ज्वारीची पोती हलवली आणि खाट टाकली. वरून पाणी गळतं, पण पावसाला अजून दोन महिने आहेत, तोवर मी वर चढेन. गुडघा आहे, तरी चढेन.

मला यायचं होतं. पण इथल्या सहा माणसांनाही शुक्रवार आहे आणि त्यांना दुसरं कुणी नाही. तीन तास मी इथे बोलत असेन तेव्हा तू तिथे काय करत असशील हेच डोक्यात राहणार. भाऊजींचे हात माझ्या वतीने धर. तुझ्या लहान भावाची आठवण राहू दे, बाकी मागणं नाही.

उकंडा


दारव्हा,
२१ एप्रिल २०२५

चि. उकंडा आणि सौ. रुपाली यांस,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि पुनरुत्थानाचा सलाम.

पत्र बुधवारी मिळालं. कोपऱ्यावर तेलाचा डाग होता, बहुतेक रवीच्या भज्यांचा.

शुक्रवारी सकाळी लोखंडी क्रूस कब्रस्तानापर्यंत नेला. तो खरंच हलका आहे. दोघा जणांनी बोलत बोलत नेला. बाराला उपासना सुरू झाली. तुला माहीत आहे, सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि त्याने आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवलं तो तिसरा उद्गार बायकांकडे असतो. गेली वीस वर्षं तो माझ्याकडे आहे. तीच दोन पानं मी दरवर्षी वाचते, पाळकसाहेबांना ती पाठ झाली आहेत.

ह्या वर्षी पानं उघडली आणि मिटली. मी म्हटलं, उभं लाकूड ह्यांनी कुणाला दिलं नाही. मी जाळलं, जानेवारीत, पाणी तापवायला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी ह्यांच्यावर घातलं. ह्यांनी ते घेतलं. एवढंच बोलले. कानात यंत्र नव्हतं, त्यामुळे कुणी काही म्हणालं असेल तर मला ऐकू आलं नाही. इंदूबाई उठून बाहेर गेल्या एवढं दिसलं. मग पाळकसाहेब उठले आणि त्यांनी चौथा उद्गार पुकारला. कार्यक्रम पुढे गेला. मी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. हे खिडकीतून कडुनिंबाकडे बघत होते.

चारला सदाशिवराव आले. पायरीवर बसले, पाणी मागितलं. मी यंत्र घातलं. मग ते म्हणाले, जानेवारीत सकाळी फिरायला जाताना ते आमच्या दारावरून जायचे, चुलीचा धूर दिसायचा आणि त्यांना वाटायचं, सगुणाबाई किती लवकर उठतात. आत डोकवावं असं एकदाही मनात आलं नाही म्हणाले. जाताना किल्ली खिडकीत ठेवली. खोलीचं विचारलं तर म्हणाले, पुढच्या महिन्यात पंच बसतील, मी तुमच्या बाजूने बोलेन, पण शब्द देत नाही. तेव्हा पडवीतली खाट तशीच राहू दे.

इंदूबाई बोलत नाहीत. काल माझा बाक सोडून दुसरीकडे बसल्या. त्यांचं चूक नाही. त्यांच्या नवऱ्याच्या मातीच्या वेळी तोच क्रूस पुढे होता.

काल ईस्टरच्या पहाटे ह्यांना अंघोळ घातली, धुतलेला सदरा चढवला आणि घंटेपाशी नेलं. सगळी मंडळी अंगणात उभी होती. पाळकसाहेबांनी स्वतः दोरी ह्यांच्या हातात दिली. हे दोरीकडे बघत राहिले. तिचं टोक उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात आणून दिलं. सहा रविवार दोरी नव्हती, तेवढ्यात हात विसरले, उकंडा. मी खरं बोलले तोवर उशीर झाला होता. मला वाटलं होतं, सांगितलं की सगळं जिथल्या तिथे येईल.

मग मी त्यांचे हात दोरीवर ठेवले आणि वरून माझे धरले. दोघांनी मिळून ओढली. तीन सावकाश झालेच नाहीत, कशीतरी पाच-सहा वाजली, मध्येच थांबली, पुन्हा वाजली. दारव्ह्यातल्या लोकांना वाटलं असेल कुठे आग लागली. पण ह्यांना मजा वाटली. सोडायला तयार नव्हते. तुझ्या वतीने हात धरायचे होते ते असे धरले.

आता आज सकाळचं सांगते आणि थांबते. सिलेंडर घरात आहे, पण ह्यांना चुलीशी बसायची सवय लागली आहे म्हणून पाणी चुलीवरच ठेवते. मी पऱ्हाट्या सारत होते. हे शेकत होते. एकाएकी त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी नाही असं बघून माझ्याजवळ सरकले आणि कानाशी तोंड आणून म्हणाले, म्याच जाळलं, तू कोणाले सांगू नोको.

यंत्र नव्हतं तरी प्रत्येक शब्द ऐकू आला. मी म्हटलं, अहो, मी सांगितलं सगळ्यांना, माझं होतं ते, मी जाळलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातावर थोपटलं, घाबरलेल्या माणसाला थोपटावं तसं. आख्ख्या मंडळीला कळलं, ह्यांना तेवढं कळलं नाही. त्यांच्या लेखी ते अजून त्यांच्याच खांद्यावर आहे आणि ते खाली ठेवायला ते तयार नाहीत. मी कितीही सांगितलं तरी आता ते उतरायचं नाही.

भावसिंगला हे सांग. उत्तर म्हणून नको, नुसतं सांग.

पाणी तापलं होतं. त्यांना अंघोळ घातली, पाठ आज जरा जास्त वेळ चोळली. पडवीचे पत्रे बघायला तू वर चढू नकोस, कुणाला तरी दोन पैसे देऊन करून घे. तुझी पत्रं येत राहू देत, माझी मायाही तिकडे येतच राहील.

तुझी ताई,
सगुणा